निळ्या छताखालचे कोळी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. ओटीच्या छताला धरलेली जळमटे काढायची ह्यावर दुमत नसते. काढल्यावर ती पुन्हा धरू नयेत म्हणून काय करायचे, ह्यावर असते. बाजारातला विषारी फवारा मारायला आमच्यातल्या एकाचा सक्त विरोध आहे, कारण त्या फवाऱ्याने कोळ्यांच्या आधी आम्हीच खोकू लागतो. मग सूचनांचा पाऊस पडतो. कोणी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी सांगते, कोणी कापूर, कोणी लिंबाच्या साली, कोणी पुदिन्याचे तेल. गेल्या वर्षी ह्या वादात सातासमुद्रापलीकडून एक आवाज मिसळला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरी आमचा भाचा असतो. तो फोनवर म्हणाला, "मामी, ओटीचं छत आकाशी रंगवून टाका. इथे जुन्या घरांच्या पोर्चना सगळे तेच करतात. कोळी नाही, गांधीलमाशी नाही, काही फिरकत नाही."

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्द दिसला की त्याची व्युत्पत्ती विचारायची, हा धंद्याचा दोष म्हणा. त्या आकाशी रंगाला तिकडे नाव काय, असे विचारले, आणि मिळालेल्या उत्तराने आम्हांला ओटीपासून फार लांब नेले.

नाव आहे 'हेंट ब्ल्यू'. 'हेंट' म्हणजे 'हाँट' ह्या इंग्रजी शब्दाचा त्या किनाऱ्यावरच्या बोलीतला अवतार; अर्थ भूत, न सुटलेला आत्मा. म्हणजे रंगाचे नाव 'भुताचा निळा', किंवा अधिक नेमके सांगायचे तर 'भूत अडवणारा निळा'. कोळ्याचा, माशीचा, गांधीलमाशीचा त्या नावात मागमूस नाही. नाव एक सांगते आणि लोक कारण दुसरेच सांगतात, तेव्हा मधे काहीतरी घडून गेलेले असते.

दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया ह्या राज्यांच्या किनारपट्टीला तिकडे 'लो-कंट्री' म्हणतात. आम्हां कोकणच्या माणसांना ह्या शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. आपल्याकडे तिला खालाटी म्हणतात. भरतीचे पाणी आत घेणाऱ्या खाड्या, खारवटे, बेटे आणि भातशेती. ह्या अमेरिकी खालाटीत अठराव्या शतकात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून धरून आणलेले हजारो गुलाम राबत होते. बेटांवरच्या अलिप्त वस्त्यांमुळे त्यांच्या वंशजांनी आपली बोली, गोष्टी, टोपल्या विणण्याची रीत आणि देवाभुतांच्या समजुती बऱ्याच अंशी टिकवल्या. ह्यांना गल्ला-गीची म्हणतात. त्यांची बोली म्हणजे मोडके इंग्रजी, असे विद्वानही दीर्घकाळ म्हणत. लोरेन्झो डाऊ टर्नर ह्या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली ग्रंथ लिहून तिच्यातल्या आफ्रिकी शब्दांचे पुरावे मांडले, तेव्हा ह्या मताला तडा गेला. २००६ साली अमेरिकी काँग्रेसने ह्या पट्ट्याला राष्ट्रीय वारसा-क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

ह्या लोकांची समजूत अशी, की हेंटला पाणी ओलांडता येत नाही. म्हणून दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या झडपा आणि छत निळे करायचे. भुताला ते पाणी वाटते आणि ते उंबऱ्याशी थबकते. किंवा आकाश वाटते आणि ते वर निघून जाते. वेशीवरच्या राखणदाराला वर्षाचा नारळ देणाऱ्या आमच्या मुलखाला ह्यात हसण्यासारखे काही नाही. आम्हांला खटकले ते वेगळेच. ज्यांना समुद्रानेच घरापासून तोडले, त्यांनी घराच्या रक्षणाला पाण्याचाच पहारा बसवावा! निळ्याचे हे प्रेम केवळ ऐकीव नाही. दक्षिणेतल्या गुलामवस्त्यांच्या उत्खननांत मणी सापडतात, त्यांत निळ्या मण्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे आहे, आणि ते रक्षणासाठी वापरत असावेत असे पुरातत्त्वज्ञांनी मांडले आहे.

भाच्याच्या सव्हानातच ह्याचा एक ठळक पुरावा उभा आहे. ओवेन्स-थॉमस हाऊस नावाची एक हवेली आहे. विल्यम जे ह्या इंग्रज वास्तुशिल्पीने ती बांधली आणि १८१९ साली ती पुरी झाली. आज ते संग्रहालय आहे. हवेलीमागच्या अंगणात तबेला आणि त्याला लागून गुलामांच्या खोल्या आहेत. १९९०च्या दशकात ह्या भागाची दुरुस्ती झाली, तेव्हा खोल्यांच्या छतावर जुना निळा रंग आढळला. चुना, ताक आणि नीळ ह्यांचे ते मिश्रण होते, असे संग्रहालय सांगते. हवेलीच्या दर्शनी भागावर हा रंग नव्हता. तो होता मागे, जेथे स्वयंपाकीण, मोलकरीण, त्यांची मुले झोपत त्यांच्या डोक्यावर. आमच्या विनंतीवरून भाचा तेथे जाऊन आला. त्याच्या शेजाऱ्यांचे पोर्च जितके नितळ आकाशी, तितके हे छत नितळ नाही. पोपडे धरलेले, ढगाळ. "मामी, ह्याच्याकडे बघून कोळ्यांचा विचार येतच नाही," असे तो म्हणाला.

पण ह्या छताला नीळ आली कोठून? येथे इतिहास ओटीवरून थेट शेतात उतरतो.

एलायझा लुकास ही १७२२ साली कॅरिबियन बेटांवर जन्मलेली मुलगी. तिचा बाप ब्रिटिश सैन्यात अधिकारी. १७३९ साली त्याला अँटिग्वाला परतावे लागले, तेव्हा चार्ल्सटनजवळच्या त्याच्या जमिनींचा कारभार ह्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर पडला. तिने बापाने पाठवलेल्या बियांतून निळीची लागवड करून पाहिली. पहिली पिके थंडीने, किडीने गेली; १७४४च्या सुमारास यश आले आणि तिने बी शेजारच्या मळेवाल्यांना वाटले. १७४८ साली ब्रिटिश संसदेने वसाहतीतल्या निळीला दर पौंडामागे सहा पेन्स अनुदान लावले. १७७५च्या सुमारास दक्षिण कॅरोलायनातून वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक नीळ बाहेर जात होती. भाताखालोखाल तिचाच मान होता. एलायझा १७९३ साली वारली तेव्हा तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होते. तिची पत्रवही टिकली, छापली गेली आणि तिच्या नावाने निळीचा इतिहास रूढ झाला.

एलायझाच्या एका पत्रात एक मजेशीर प्रसंग आहे. नीळ काढण्याचे कसब शिकवायला माँटसेराट बेटावरून निकोलस क्रॉमवेल नावाचा माणूस आणला होता. त्याने हौदात चुन्याची निवळी वाजवीपेक्षा जास्त ओतून माल बिघडवला, आपल्या बेटाच्या धंद्याला स्पर्धक उभा करतोय ह्याची त्याला बोच लागली होती, असा एलायझाचा आरोप आहे. खरेखोटे तो जाणे. आम्हांला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की नीळ आणि चुना ह्यांची गाठ छतावर पडण्याच्या कितीतरी आधी हौदात पडली होती.

तो हौद समजून घेतल्याखेरीज निळ्या छताची गोष्ट पुरी होत नाही. निळीचे झाड निळे नसते. हिरवा पाला कापून पहिल्या हौदात पाण्यात बुडवायचा आणि आंबू द्यायचा. वेळ साधली की ते पिवळट-हिरवे पाणी खालच्या हौदात सोडायचे आणि वल्ह्यांनी तासन् तास घुसळायचे. हवा लागली की ते निळे होत जाते. मग चुन्याची निवळी घालायची, म्हणजे साका लवकर बसतो. वरचे पाणी सोडून दिले की उरलेला चिखल पिशव्यांत गाळायचा, वड्या पाडायच्या, सावलीत वाळवायच्या. केव्हा पाणी सोडायचे, केव्हा घुसळणे थांबवायचे, हे घड्याळ सांगत नसे. हात, नाक आणि डोळे सांगत. पश्चिम आफ्रिकेत निळीने कापड रंगवण्याची परंपरा जुनी होती, तेव्हा हे ज्ञान अगदीच एका वहीतून उगवले असे मानायला आम्ही तयार नाही. एलायझाच्या घरी कॉश नावाचा गुलाम सुतार होता; हौद बांधण्याचे काम त्याचे. पुढे बाप्तिस्मा घेऊन तो जॉन विल्यम्स झाला आणि १७५० साली त्याला स्वातंत्र्य मिळाले. अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मळ्यांच्या वह्यांत गुलामांची नावे असतात, पण बैल आणि अवजारे ह्यांच्या रांगेत, पुढे किंमत लिहून.

आणि आता माश्यांचे. कुजणाऱ्या पाल्याची दुर्गंधी इतकी असह्य असे, आणि तिच्यावर माश्यांचे थवे इतके जमत, की निळीचे हौद मालकाच्या घरापासून चांगले लांब बांधण्याचा रिवाज होता. म्हणजे ज्या निळीने ओटीवर माशी बसत नाही असे आज सांगतात, तीच नीळ तयार होताना परगण्यातल्या माश्यांना आवतण देत असे. माश्या तेथे कोळी. त्या हौदांच्या कडांवर, वासाड्यांवर किती जाळी लोंबत असतील, ह्याची कल्पना करावी. ती झाडण्याचे काम कोणाकडे होते, हेही सांगायला नको.

मग हा उपाय कोळ्यांचा झाला कधी? नेमके साल दाखवता येत नाही. अशा गोष्टींना साल नसते. पण दिशा दिसते. विसाव्या शतकात हे आकाशी छत गुलामांच्या खोल्यांमधून आणि गल्ला वस्त्यांमधून दक्षिणेतल्या सुखवस्तू गोऱ्यांच्या पोर्चवर आले, पुढे घरसजावटीच्या मासिकांत आणि रंगकंपन्यांच्या रंगपत्रिकांत गेले. भुताचे कारण सांगायला सभ्य माणसाला संकोच वाटतो. म्हणून 'व्यावहारिक' कारण पुढे आले: गांधीलमाश्यांना आणि कोळ्यांना छत आकाश वाटते आणि ते घर बांधत नाहीत. गंमत अशी की ही भुताचीच कथा आहे. भुताच्या जागी कीटक ठेवला, फसणे तेच ठेवले.

हा व्यवहार आम्हांला फार ओळखीचा वाटला. आपल्याकडे तोरण, सडा, कुंकू, काहीही घ्या. त्याला 'शास्त्रीय कारण' चिकटवल्याखेरीज सुशिक्षिताच्या जिवाला चैन पडत नाही. त्या कारणाची कोणी चाचणी घेत नाही, कारण ते चाचणीसाठी नसतेच. ते लाज झाकण्यासाठी असते. मात्र त्यात रीतीचा मूळ अर्थ हरवतो आणि ती ज्यांची होती ती माणसेही हरवतात. गल्ला लोकांना निळ्याची गरज का पडली, हा प्रश्न 'कोळी येत नाहीत' ह्या उत्तराने कायमचा मिटतो.

आणि कोळी हाच प्राणी निवडला जावा, ह्यात तर नियतीचा खवचटपणा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांच्या कथांचा नायक अनान्सी हा कोळी आहे. देहाने क्षुद्र, बुद्धीने कपटी, बलाढ्यांना गुंगवून सुटणारा. गुलामांच्या जहाजांतून ह्या कथा अटलांटिक ओलांडून गेल्या. जमैकात अनान्सी आजही नांदतो आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्याची 'आँट नॅन्सी', म्हणजे नॅन्सीमावशी झाली. दुबळ्याने सबळावर युक्तीने मात करण्याच्या गोष्टी ज्यांनी कोळ्याच्या तोंडून सांगितल्या, त्यांच्या नावावर कोळी हाकलण्याचा नुस्खा जमा झाला. ज्यूली डॅश ह्या दिग्दर्शिकेने १९९१ साली 'डॉटर्स ऑफ द डस्ट' ह्या चित्रपटात १९०२ सालचे एक गल्ला कुटुंब दाखवले आहे. त्यात निळीच्या मळ्यात राबलेल्या म्हाताऱ्यांचे तळहात अजून निळे आहेत. नीळ इतकी वर्षे कातडीवर टिकत नाही हे दिग्दर्शिकेला ठाऊक होते. तिने ती खूण म्हणून मुद्दाम ठेवली. छतांवरच्या निळ्यापेक्षा तो निळा आम्हांला अधिक खरा वाटतो.

असो. वाचक म्हणतील, कोळ्यांचे काय? निळ्या रंगाने कोळी पळतात ह्याला आधार नाही. जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची नजर अधू असते. त्यांचे जग धाग्याच्या कंपनांचे. छत आकाशी आहे की तपकिरी, ह्याने त्यांच्या संसारात फरक पडत नसावा. भाच्याने नंतर आपल्या पोर्चचे छायाचित्र पाठवले, त्यात आकाशी छताच्या कोपऱ्यात, दिव्याच्या अगदी शेजारी, लांब पायांचा एक कोळी निवांत उलटा टांगलेला होता. तेलांचे म्हणाल तर २०१८ साली कॅनडात काही संशोधकांनी प्रयोग करून पाहिले: लिंबाच्या तेलाचा परिणाम दिसला नाही, पुदिन्याचे तेल आणि चेस्टनटची फळे काही जातींच्या कोळ्यांनी टाळली. पण वास उडतो आणि कोळी राहतो.

जुन्या निळ्या रंगात काही गुण असेल तर तो निळीत नसून चुन्यात असावा. ताजा चुना दाहक असतो. किडामुंगीला तो सोसत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडीसारखा निरुपद्रवी थर होतो आणि दाह जातो. म्हणून चुना वर्षाच्या वर्षाला लावावा लागतो. अमेरिकी खालाटीत कालवांच्या शिंपा भाजून चुना करत, आमच्या कोकणातही शिंपल्यांचा चुना होता. आणि चुना लावण्यापूर्वी, तेथे काय नि येथे काय, कोणाला तरी शिडीवर चढून भिंत-छत झाडावे लागते. जाळी, अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या, मेलेल्या माश्या खरवडून काढाव्या लागतात, फटी लिंपाव्या लागतात. जळमटे कमी होतात ती त्या हाताने. रंग त्यावर नंतर चढतो आणि श्रेय घेऊन जातो.

अमेरिका स्वतंत्र झाली, ब्रिटिश अनुदान गेले आणि कॅरोलायनातली नीळ बसली. इंग्रजांना निळा मात्र हवाच होता. तो त्यांनी बंगालात शोधला. तेथे गुलाम नव्हते, उचल घेतलेली कुळे होती. भाताच्या जमिनीत नीळ पेरण्याची सक्ती त्यांच्यावर होत होती. १८५९ साली त्यांनी निळीला नकार दिला. पुढच्याच वर्षी दीनबंधू मित्रांचे 'नीलदर्पण' आले, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग ह्यांना १८६१ साली महिन्याचा कारावास आणि हजार रुपये दंड झाला. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. तरी चंपारणची कुळे १९१७ सालीही निळीच्याच ओझ्याखाली होती. 'नील' हा आपला शब्द अरबी-पोर्तुगीज वळणे घेत युरोपात गेला आणि तेथल्या रसायनशास्त्रात 'ॲनिलिन' होऊन बसला, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.

आमच्या ओटीलाही एके काळी निळसर झाक होती. चुन्याचा पिवळेपणा मारण्यासाठी त्यात कपड्यांची नीळ टाकत. ती पुडीतली नीळ झाडाची नव्हे, कारखान्यात केलेली. जोधपूरच्या निळ्या घरांबद्दल सांगतात की चुन्यातल्या मोरचुदाने वाळवी लागत नाही. आमच्याकडे सांगत, निळीने जळमट धरत नाही. ह्या शोधाच्या निमित्ताने आम्ही माळ्यावरची जुनी जमाखर्चाची वही काढली. दर आश्विनात नोंद आहे: चुना, नीळ, डिंक, काथ्याचा कुंचा, प्रत्येकापुढे आणे-पै. त्याखाली दरवर्षी एकच ओळ, 'सफेदीच्या बाईस', आणि रक्कम. आमच्यातल्या एकाला ती बाई आठवते. लांब बांबूला केरसुणी बांधून, डोक्याला फडके गुंडाळून ती आधी सारे छत झाडायची. चुन्याने तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असत आणि ती त्यांना खोबरेल चोळत ओटीच्या पायरीवर बसायची. सतरा वर्षांच्या नोंदी आहेत. एकीतही तिचे नाव नाही. आळीतल्या दोन वृद्ध बायकांना विचारले, तर दोघींनी दोन वेगळी नावे सांगितली.